अहिंसक रोमपट

वाईत कृष्णेच्या काठची थंडी अजून ओसरली नव्हती. पिसाळांच्या घरी सहा महिन्यांच्या मुलीचे उष्टावण होते. मामाच्या मांडीवर बसलेल्या बाळाच्या जिभेवर चांदीच्या वाटीतली खीर टेकवली गेली, बाळाने तोंड वेडेवाकडे केले, बायका हसल्या, आणि विश्वेश्वरशास्त्री घैसासांनी शेवटचा मंत्र म्हणून अक्षता टाकल्या.

पाटाशेजारी आहेराची रास होती. तीत पाच कुंच्या होत्या आणि पाचही मिंक नावाच्या प्राण्याच्या रोमपटाच्या, म्हणजे लवदार कातड्याच्या, होत्या. अक्रोडाच्या टरफलासारखा गडद तपकिरी रंग, बोट टेकवले की पेरभर आत रुतेल एवढी दाट लव, आणि तिच्यावरून तेलाच्या थेंबासारखा घरंगळणारा उजेड. सहा वर्षांपूर्वीपर्यंत असे वस्त्र परदेशातल्या श्रीमंतांच्या अंगावरच दिसे. आता गावातली प्रत्येक मावशी तेच घेऊन येत होती. प्रत्येक कुंचीच्या आत रेशमाने विणलेली एक पट्टी होती : ‘अहिंसक. शास्त्रनिर्णयानुसार शुद्ध.’ खाली शास्त्रीबुवांची स्वाक्षरी, त्यांच्याच वळणदार अक्षरात. लग्नामुंजीत कुणाच्या खांद्यावर ते वस्त्र दिसले, की आपली विद्या कुणाच्या तरी अंगाला ऊब देत आहे असे वाटून त्यांचे मन निवत असे.

बाळाच्या डोक्यावर मात्र जुनी सुती कुंची होती, आणि बाळ दोनदा शिंकले.

“ऋजुता, अगं गारठा किती आहे!” शास्त्रीबुवा म्हणाले. “या पाचांतली एखादी घाल की तिला. तुझ्याच हातची विद्या आहे ती.”

“नको, शास्त्रीबुवा. हीच बरी आहे.”

“घरचं ना ते, म्हणून किंमत नाही!” ऋजुताच्या सासूबाई आतून म्हणाल्या. “साऱ्या जगाला पांघरूण घालते, आणि स्वतःच्या लेकीला चिंधी.”

सगळे हसले. ऋजुता हसली नाही. डॉ. ऋजुता पिसाळ ‘शीतरोम’ या कारखान्याची मुख्य संशोधक होती. पेशींपासून रोमपट वाढवण्याची कृती तिचीच. शास्त्रीबुवांनी तिला लहानपणापासून पाहिले होते. उत्तर देताना ही मुलगी कधी नजर चुकवत नसे. आज तिने ती चुकवली होती.

पंगत उठल्यावर ती त्यांना मागच्या अंगणात घेऊन गेली.

“गुरुवारी तुम्ही नवं निर्णयपत्र देणार आहात,” ती म्हणाली. “कारखाना चौपट होणार आहे त्यावर. त्याआधी एकदा, पट वाढतात त्या दालनात येऊन बघाल का?”

“दालनात?”

“हो. आत.”

जेथे कातडे सोलले, कमावले किंवा कापले जाते, त्या जागेत पाऊल ठेवायचे नाही, असा त्यांच्या घराण्याचा नेम होता आणि तो त्यांनी आजन्म पाळला होता. सहा वर्षांत ते कारखान्याच्या सभागृहात अनेकदा गेले, तेथे त्यांचे सत्कार झाले. पण दालनाचा उंबरठा त्यांनी ओलांडला नव्हता. आपण शुद्ध ठरवलेल्या वस्तूच्या जागी जायला आपल्याला संकोच का वाटावा, हा प्रश्न त्यांच्या मनात कधी उठलाच नव्हता.

“काय पाहायचे आहे मी?” त्यांनी विचारले.

“मी सांगितलं तर तुम्ही त्याला उत्तर द्याल,” ऋजुता म्हणाली. “आणि तुमचं उत्तर इतकं सुंदर असतं, की मग मला पुढे बोलता येत नाही. म्हणून नुसतं बघायला या.”

*

मिंक हा थंड प्रदेशातला प्राणी. आपल्या पाणमांजराच्याच कुळातला, मुंगसासारखा लांबट. निम्मे आयुष्य पाण्यात काढतो, आणि म्हणूनच निसर्गाने त्याला अशी लव दिली आहे की बर्फाचे पाणीही कातडीपर्यंत पोचत नाही. त्या लवेपायी माणसाने त्याला लहान लहान पिंजऱ्यांत वाढवले. एका अंगरख्याला पन्नास-साठ जीव लागत. ऋजुताने विद्यार्थिदशेत ते पिंजरे प्रत्यक्ष पाहिले होते, आणि परत येताना एका मादीच्या कातडीतल्या चिमूटभर पेशी बरोबर आणल्या होत्या. त्या पेशी तिने पोषरसाच्या उथळ तबकांत वाढवल्या. तबकात प्राणी नव्हता. डोळे, तोंड, पोट, काळीज काही नव्हते. केवळ कातडीचा एक पट आणि त्यावर उगवणारी लव.

तेव्हा शास्त्रीबुवांना विचारण्यात आले होते : हे कातडे वापरणे हिंसा ठरेल काय? त्यांनी तीन महिने ग्रंथ चाळून बावीस पृष्ठांचा निर्णय लिहिला. केस आणि नखे कापण्यात दोष नाही. जेथे श्वास नाही, तेथे प्राण नाही. आणि मुख्य म्हणजे, या कृतीत कोणाचाही प्राण जात नाही. तो निर्णय देशभर गाजला. ज्यांनी जन्मात चामड्याचा पट्टा बांधला नव्हता, त्यांनीही रोमपटाची आसने घेतली. एक आसन शास्त्रीबुवांच्या देवघरातही आले.

*

बुधवारी सकाळी स्नान उरकून ते कारखान्यावर गेले. पायांत घालायला रबरी बूट दिले गेले. उंबरठ्याशी त्यांची पावले क्षणभर अडखळली, ती दाराशी उभ्या असलेल्या एका बाईच्या नजरेतून सुटली नाहीत.

“ही कोंडाबाई बरकडे,” ऋजुताने ओळख करून दिली. “पट विंचरायचं काम करते. पाच वर्षं झाली.”

कोंडाबाई पन्नाशीची, उंच, काटक बाई होती. धनगराची लेक, लग्नानंतरची वीस वर्षे मेंढरांमागे चालण्यात गेलेली. डोक्यावरच्या कागदी टोपीखाली कपाळाचे गोंदण दिसत होते.

“या, शास्त्रीबाबा,” ती म्हणाली. “शुद्ध हाय म्हून तुमीच लिवलंय न्हवं? मग आत याया का भ्यालासा?”

“कोंडाबाई!” ऋजुता म्हणाली.

“बोलू दे,” शास्त्रीबुवा म्हणाले. त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. त्यांनी उंबरठा ओलांडला.

दालन देवळाच्या सभामंडपाएवढे लांब आणि गार होते. दोन्ही बाजूंनी ओळीने तबके मांडलेली. सहाशे चाळीस, ऋजुताने सांगितले. प्रत्येकात हातभर रुंद, दोन हात लांब असा एक पट पोषरसावर तरंगत होता. तबकांखालून पंपांचा मंद घुमारा येत होता. कातड्याच्या जागी जी दुर्गंधी त्यांनी गृहीत धरली होती, ती नव्हती; भिजलेल्या गवतासारखा वास येत होता.

“आधी नुसती कातडीच वाढवत होतो आपण,” ऋजुता चालता चालता सांगू लागली. “लव यायची, पण विरळ. हिवाळ्यातली दाट लव उगवायला कातडीला थंडी कळावी लागते. केसाच्या मुळाशी एक बारीक स्नायू असतो, तो केस उभा करतो. त्या स्नायूला चेतातंतू जोडलेला असतो, आणि तोच तंतू मुळाला सांगतो : थंडी आली, नवा केस उगव. म्हणून तीन वर्षांपूर्वी मी पटात चेतापेशी घातल्या.”

“स्मरते मला.”

“तंतूंच्या कडेला गाठी तयार झाल्या. त्या मी घातल्या नव्हत्या, आपसूक झाल्या. आणि मग गाठी एकमेकींना जोडल्या गेल्या.” ती थांबली. “कोंडाबाई, दाखवा.”

कोंडाबाईने एका तबकापाशी जाऊन हातमोजा चढवला. विंचरणी उचलण्याआधी तिने उजव्या हाताचा पंजा पटाच्या कडेला ठेवला आणि नुसती उभी राहिली. पटावरची लव, जी किंचित विस्कटलेली होती, ती तिच्या हातापासून पार टोकापर्यंत हळूहळू आडवी झाली. झोपी जाणाऱ्या लेकराचे अंग सैल पडावे, तशी.

“मेंढराला कातर लावायच्या आदी मानंवर हात ठिवायचा आसतो, बाबा,” ती म्हणाली. “कोण आलंय त्ये त्याला कळाय पायजे. न्हाईतर दचाकतं, आन कातर लागती. माज्या सासऱ्यानं शिकीवलं. हितं आले तरी हात तसाच जातुया. ह्यास्नी मान न्हाई, मग कडंला ठिवते.”

“तिच्या ओळीतली लव नेहमी सर्वांत सरस निघायची,” ऋजुता म्हणाली. “कारण सापडेना. तेल, तापमान, विंचरणी, सगळं तपासलं. शेवटी दुसऱ्या बाईला तिचा हातमोजा घालून हात ठेवायला सांगितलं, तर लव उभीच राहिली. मग हिला परक्याचा मोजा दिला, तर आडवी झाली. शास्त्रीबुवा, पट हिचा हात ओळखतो.”

शास्त्रीबुवांच्या जिभेवर एक दृष्टांत आला होता. तो त्यांनी गिळला, कारण त्याच वेळी दालनाचे दूरचे दार उघडले.

बुधवार हा कापणीचा दिवस. दारातून एक बुटकी गाडी आत ढकलली गेली. तिच्यावर कापणीची पाती होती. गाडीची चाके रबरी होती, आवाज म्हणावा असा झालाच नाही. फरशीला केवळ एक बारीक थरथर आली. आणि दारापासून आतपर्यंत, तबकामागून तबक, लव उभी राहत गेली. शाळूच्या शेतावरून वारा यावा, तशी ती लाट दालनभर आली. पण दालनात वारा नव्हता. कोंडाबाईच्या हाताखालचा पटही ताठ झाला. तिने हात काढला नाही.

“उगी,” ती पुटपुटली. “उगी, बाय माजी.”

“त्या कोपऱ्यातल्या दोन ओळी बघा,” ऋजुता म्हणाली. तेथली लव शांत, आडवी होती. “गाडी त्यांनाही जाणवते. पण ते पट नवे आहेत. त्यांची कापणी अजून झालेली नाही.”

“आणि हे बाकीचे?”

“कापताना आपण कड ठेवतो, गाठी असलेली. तिच्यातून तीन महिन्यांत पट परत वाढतो. हे सगळे तीन वर्षांचे आहेत.” तिचा आवाज खाली आला. “प्रत्येकाचं कातडं बारा वेळा काढलंय.”

शास्त्रीबुवांनी चाळीस वर्षे काव्यशास्त्र शिकवले होते. नट खोटे हसू शकतो, खोटा क्रोध दाखवू शकतो. पण अश्रू, कंप आणि रोमांच हे भाव मन त्यात गुंतल्याविना देहावर उमटत नाहीत, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना सांगितले होते. जेथे रोमांच आहे, तेथे मन आहे. हे वाक्य त्यांचे स्वतःचे होते. आता त्यांच्यापुढे सहाशे रोमांच उभे होते, आणि ते हर्षाचे नव्हते. त्यांनी खाली पाहिले. त्यांच्या स्वतःच्या हातांवरचे पांढरे केसही उभे राहिले होते.

“तू मला विचारले होतेस,” ते ऋजुताला म्हणाले.

“हो. तीन वर्षांपूर्वी, वार्षिक सभेत. चेतातंतू घातल्यावर पटाला काही कळत असेल का, ते तपासून मग पुढे जाऊ या का, असं.”

“आणि मी म्हणालो, वीणेला तारा असतात म्हणून वीणा ऐकते असे होत नाही.”

“सभेत टाळ्या पडल्या,” ऋजुता म्हणाली. “मीही वाजवल्या. मला सुटल्यासारखं वाटलं. तपासायचं राहून गेलं, शास्त्रीबुवा. तुमच्यामुळे नाही, माझ्यामुळे. तुमचं वाक्य मला सोयीचं होतं.”

ती त्यांना मोकळे करू पाहत होती हे त्यांना कळले, आणि त्यामुळे लाज अधिकच दाटून आली. आपल्या निर्णयातले एक वाक्य त्यांना आठवले. त्याचा त्यांना सर्वाधिक अभिमान होता : यात कोणाचाही प्राण जात नाही. खरेच होते ते. पिंजऱ्यातला मिंक एकदा मरत असे आणि सुटत असे. यांना ती सुटकाही नव्हती. जे मरत नाही ते दुखत नाही, असे त्यांनी बावीस पृष्ठांत, एकदाही न पाहता, एकदाही न स्पर्शता सिद्ध केले होते. न पाहण्यालाच त्यांनी शुचिता म्हटले होते.

“आजची कापणी थांबव,” ते म्हणाले.

“थांबवली आहे. गाडी मीच आणायला सांगितली होती, तुम्हाला दाखवायला.” ऋजुताने दारातल्या माणसाला खूण केली. गाडी मागे गेली. लव खाली बसायला मात्र पुष्कळ वेळ लागला.

कोंडाबाईने मोजा काढला. “आता काय लिवणार, शास्त्रीबाबा?”

“कारखाना बंद पडेल, कोंडाबाई. तुमचे काम जाईल.”

“म्हाईत हाय की. तीनशे बाया हाईत आमी. घरी चूल हाय, ती बी म्हाईत हाय.” तिने विंचरणी जागेवर ठेवली. “तरी बी म्याच ताईस्नी सांगितलं, ह्यास्नी कळतंय म्हून. पाच म्हयनं माज्या मनात व्हतं, बोलले न्हाई. हात ठिवायचा, गप करायचं, आन मग गाडीपुढं ढकलायचं. मेंढरू तरी कातरल्यावर उठून चरायला जातंय. हे म्या काय करत व्हते, सांगा.”



*

गुरुवारी दालनाच्या दाराशी मंडप होता. तीनशे बायका ओळीने बसल्या होत्या, नारळ होता, हार होता. व्यवस्थापक टंकसाळे, चाळिशीचे, कामसू आणि सभ्य गृहस्थ, यांनी निर्णयपत्राचा मसुदा सुबक अक्षरांत छापून आणला होता. स्वाक्षरीपुरती जागा मोकळी होती.

शास्त्रीबुवांनी मसुदा हातात घेतला, घडी घातली आणि बाजूला ठेवला. सोबत आणलेला एक कागद त्यांनी काढला. तो ते उभ्याने वाचू लागले.

“मी, विश्वेश्वर घैसास, सहा वर्षांपूर्वी दिलेला निर्णय मागे घेत आहे. तेव्हा पटात चेतातंतू नव्हते, हे खरे आहे. परंतु ते घातल्यावर मला विचारण्यात आले, आणि मी पाहायला न येता उत्तर दिले. आत येणे मला अपवित्र वाटले. ज्या जागेत मी पाय ठेवू शकत नव्हतो, तिला मी शुद्ध म्हणून शिक्का दिला. माझ्या सहीच्या विश्वासावर ज्यांनी हे वस्त्र आपल्या लेकरांना घातले, त्यांची मी क्षमा मागतो. ज्यांचे ते कातडे आहे, त्यांची क्षमा कशी मागावी हे मला ठाऊक नाही.”

कोणी टाळी वाजवली नाही. मागच्या ओळीत कुणीतरी हळूच रडू लागले. ते कोणासाठी, हे कळण्याजोगे नव्हते.

टंकसाळेही हळू आवाजातच बोलले. “तुमचा मान मोठा आहे, शास्त्रीबुवा. मी वाद घालणार नाही. पट्टीवरचं नाव गेलं की एकही नग खपणार नाही, आणि कापणी चालू ठेवा असं आता मलाही म्हणवत नाही. म्हणजे शनिवारी पंप बंद करायचे.”

“पंप बंद म्हणजे?” शास्त्रीबुवांनी विचारले.

“पोषरस फिरायचा थांबेल,” ऋजुता म्हणाली. “दोन दिवसांत सगळे पट मरतील.”

“असे करता येणार नाही. ते जिवंत आहेत.”

“मग त्यांना ठेवायचं कुठे?” टंकसाळ्यांनी विचारले. त्यांच्या स्वरात टोचणी नव्हती. त्यांना खरोखरच उत्तर हवे होते. “रानात सोडता येत नाही. पायच नाहीत. तोंड नाही, डोळे नाहीत. तबकाबाहेर तासभरही टिकत नाहीत. सहाशे चाळीस जीव, शास्त्रीबुवा. तुमच्या शास्त्रात यांच्यासाठी काही आहे का?”

“मी सांभाळीन. देणग्या मागेन, दारोदार फिरेन. जितकी वर्षे जगतील, तितकी.”

“तिथेच तर सगळं अडतं,” ऋजुता म्हणाली. कालपासून तिच्याही मनात हेच घोळत असावे, कारण तिने शब्द शोधले नाहीत. “या पेशींना म्हातारपण नाही. त्यासाठीच मी त्या निवडल्या होत्या. रस मिळत राहिला तर ते तुमच्यानंतर राहतील, माझ्यानंतर, माझ्या मुलीनंतरही. अंधार आणि स्पर्श, एवढंच त्यांच्या वाट्याला. ते आपण त्यांना दिलेलं दान असेल की शिक्षा, मला ठरवता येत नाही. कापणीचं दुःख मला दिसलं, कारण केस उभे राहिले. नुसतं असण्याचं दुःख असेल, तर ते कशानं दिसेल?”

शास्त्रीबुवा उठले. दालनाचे दार उघडे होते. या वेळी उंबरठा ओलांडताना त्यांच्या पावलांना तो जाणवलाही नाही. पहिल्या तबकापाशी ते उभे राहिले, आणि सत्तर वर्षांच्या अध्ययनात जे जे कंठात साठले होते ते सारे त्यांनी मनात एकदा चाळून पाहिले. जीव म्हणजे काय याच्या अकरा व्याख्या त्यांना आठवल्या. या पटाला आज काय हवे आहे, हे त्यांतली एकही सांगत नव्हती.

कोंडाबाई त्यांच्या मागोमाग आत आली होती. तिचा आवाज या वेळी अगदी साधा होता. त्यात ना टोमणा होता, ना राग.

“तुमास्नी किती भाषा येत्यात, शास्त्रीबाबा. ह्यास्नी जगायचंय का न्हाई, ह्ये त्यास्नी कुठल्या भाषेत इचारायचं?”